चेंडू खाली येईपर्यंत

चेंडू वर गेला की खाली येतो, हे आपण शाळेत शिकलो. 'हायक्यू!!' ही जपानी ॲनिमे मालिका बघायला बसताना ते ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावं लागतं. इथे चेंडू वर जातो आणि वरच राहतो. तो वर असताना ज्याला तो मारायचा आहे त्याला आपली प्राथमिक शाळा आठवते. जाळीपलीकडचा गडी 'हा डावीकडे मारणार की उजवीकडे' याचं दहा मार्कांचं गणित पायऱ्या दाखवून सोडवतो. प्रशिक्षकाच्या कपाळावर घामाचा एक थेंब उगवतो, थबकतो आणि मग सावकाश ओघळतो. गॅलरीतला एक गृहस्थ शेजारच्या मुलीला नियम समजावून सांगतो. तिला शंका येते, ती विचारते, तिचं समाधान होतं. मागे संगीत चढायला लागतं. चेंडू अजून वरच.

आमच्या घरात ही मालिका नववीतल्या कन्येने आणली. मी सोफ्याच्या टोकाला बसून "अरे, मार की आता!" असं ओरडायचो आणि "बाबा, प्लीज!" असं ऐकून घ्यायचो. मातोश्रींना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. संध्याकाळच्या मराठी मालिकांवर त्यांचा पिंड पोसलेला आहे. तिथे सुनेच्या हातून दुधाचं पातेलं सोमवारी निसटतं आणि गुरुवारी जमिनीवर पडतं. मधल्या तीन दिवसांत घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवून होतो. त्यामुळे त्या नातीला शांतपणे म्हणाल्या, "बरं दाखवतात गं. उगीच घाई नाही."

घाई खरंच नाही. 2016 साली आलेला या मालिकेचा तिसरा सीझन दहा भागांचा आहे आणि त्या दहा भागांत मिळून एकच सामना आहे. कारासुनो हायस्कूल विरुद्ध शिराटोरिझावा, मियागी प्रांताची अंतिम फेरी, पाच सेट. खराखुरा पाच सेटचा सामना दोन-अडीच तासांत आटोपतो. हा सुरुवातीची आणि शेवटची गाणी वगळूनही तीन तासांवर जातो. म्हणजे चित्रं काढणाऱ्यांनी खेळणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ घेतला. बाकी सगळ्या जगात सामन्यांची क्षणचित्रं दाखवायची पद्धत आहे. इथे क्षणांचं पुराण लावलेलं आहे.

आधी थोडी वंशावळ सांगतो, म्हणजे नंतर अडचण नको. मूळ चित्रकथा हारुइची फुरुदाते यांची. 'शोनेन जंप' या साप्ताहिकात ती फेब्रुवारी 2012 ते जुलै 2020 अशी चालली आणि तिचे 45 खंड झाले. ॲनिमे 2014 पासून, प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओची. नायक हिनाता शोयो हा सायकलवरून जाताना दुकानातल्या टीव्हीवर कारासुनोच्या एका बुटक्या खेळाडूला उड्या मारताना पाहतो आणि झपाटतो. हिनाताची उंची 162.8 सेंटिमीटर. जाळीची उंची 2.43 मीटर. या दोन आकड्यांच्या मधे जी पोकळी उरते, तिच्यात अख्खी मालिका मावते.

ते दशांश चिन्हानंतरचं 8 मला फार आवडतं. या मालिकेत कोणाचीही उंची 'साधारण पाच-चार' अशी नसते. त्याच्या संघातला कागेयामा 180.6, त्सुकिशिमा 188.3. सगळ्यांत बुटका निशिनोया 159.3. तो पहिल्यांदा समोर येतो तेव्हा हिनाताचा आनंद गगनात मावत नाही, कारण या संघात आपल्यापेक्षा बुटका कोणीतरी आहे. आपल्याकडे ठरवून लग्न करतानासुद्धा उंची इतक्या काटेकोरपणे सांगत नाहीत. उलट तिथे इंच दोन इंच हातचे धरायची चाल आहे.

गंमत अशी की हा खेळ मुळात दमू नये म्हणून काढलेला. 1895 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी, वायएमसीएत व्यायाम शिकवणाऱ्या विल्यम मॉर्गन यांनी तो बसवला. बास्केटबॉल चार वर्षांपूर्वीच निघाला होता, पण त्यातली धावपळ पोक्त व्यापारी मंडळींना सोसेना. म्हणून मधे जाळी बांधली. दोन्ही संघ आपापल्या अंगणात. कोणी कोणाला धक्का मारायचा नाही, चेंडू इकडून तिकडे टोलवायचा आणि घरी जायचं. नावही एखाद्या पाचक गोळीला शोभेल असं होतं, 'मिंटोनेट'. त्या व्यापाऱ्यांपैकी एकाला जरी बोलावून निशिनोया फरशीवर कसा झेपावतो हे दाखवलं, तर तो टोपी घेऊन परत बास्केटबॉलकडे जाईल.

हे झेपावणंही जपान्यांनी गंमत म्हणून सुरू केलेलं नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या व्हॉलीबॉलचं सुवर्णपदक जपानने सोव्हिएत संघाला हरवून घेतलं. त्या संघातल्या बहुतेक मुली ओसाकाजवळच्या कैझुका इथल्या निचिबो कापडगिरणीत नोकरीला होत्या. दिवसा काम आणि रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी त्यांना फरशीवर अंग टाकून चेंडू उचलायचा, गोलांटी घ्यायची आणि त्याच झोकात उभं राहायचं, हे घोटवून घोटवून शिकवलं. जगाने त्यांना 'पूर्वेच्या चेटकिणी' म्हटलं. मालिकेत निशिनोया हीच गोलांटी मारतो, पण मारताना 'रोलिंग थंडर!' अशी आरोळी ठोकतो. संघातले थोरले कौतुकाने बघतात आणि कागेयामा, त्सुकिशिमा, यामागुची हे धाकटे तिघं, प्रत्येक जण आपापल्या परीने, त्या आरोळीची चेष्टा करतात. गिरणीतल्या मुलींनी कोपरं सोलवटून कमावलेली विद्या पन्नास वर्षांनी एका पोराच्या हाती लागली आणि त्याने तिला फटाक्याचं नाव दिलं. वारसा असाच पुढे जातो, असं म्हणायला हरकत नाही.

आता मुद्द्याचं. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरता येत नाही. एवढा एक नियम नीट लक्षात घेतला तर ही मालिका इतकी संथ का, ते कळतं. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे हातमोजे बदलता येतात, आकाशाकडे बघता येतं, दोन जाहिराती होतात. फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी घेऊन थोडं रेंगाळता येतं. इथे चेंडू हाताला लागला की गेला. एकाच माणसाने लागोपाठ दोनदा शिवायचं नाही, जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. विचार करायला वेळच नाही. मग विचार करतात कधी? आधी. आदल्या तीन वर्षांत. सकाळी सहाच्या सरावात, भिंतीवर चेंडू आपटताना, घरी उशी हवेत उडवताना. त्या अर्ध्या सेकंदात जे होतं ते सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. मालिका फक्त ते बिल आपल्याला तपशीलवार दाखवते. त्यामुळे चेंडू हवेत असताना शिराटोरिझावाच्या उशिजिमाला लहानपण आठवलं तरी मी आता चिडत नाही. हा डावखुरा आहे. घरच्यांना तो हात 'सुधारायचा' होता, वडिलांनी आडवे पडून तो तसाच राहू दिला. आता पलीकडच्या सहा जणांना त्या डाव्या हाताचा चेंडू उलटा फिरत येतो आणि सोसत नाही. ही माहिती चेंडू खाली आल्यावर देऊन काय उपयोग?

दुसऱ्याला दिल्याशिवाय काही होत नाही, हा नियम ज्याला सगळ्यांत जड जातो तो कागेयामा तोबियो. हा सेटर. म्हणजे दुसऱ्याला मारायला चेंडू उचलून देणारा. आपल्याकडे गावच्या मैदानावर संध्याकाळी खेळ रंगतो तेव्हा सगळ्यांनाच मारायचं असतं. उचलून द्यायला जो नवा असेल किंवा ज्याचा पाय मुरगळलेला असेल त्याला उभं करतात. इथे तो संघाचा मेंदू. कागेयामाला बुद्धी अफाट, पण फक्त मैदानात. मधल्या शाळेत असताना तो इतक्या वेगाने चेंडू देऊ लागला, आणि 'अजून लवकर उडी मारा' असा इतका खेकसू लागला, की एके दिवशी भर सामन्यात त्याने चेंडू उचलून दिला आणि मागे कोणीच नव्हतं. कोणी उडी मारलीच नाही. चेंडू रिकाम्या जागी टप्पकन पडला आणि प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलं. लोक त्याला 'मैदानाचा राजा' म्हणतात. नवख्या माणसाला तो किताब वाटतो. ती शिवी आहे.

माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यांत भयानक प्रसंग हाच. ना रक्त, ना मारामारी. फक्त सहकाऱ्यांनी शांतपणे काम थांबवलं. कुठल्याही कचेरीत वरच्या जागेवर बसलेल्या माणसाने हा भाग एकट्याने पाहू नये.

या राजाला मिळतो कोण? हिनाता. मधल्या शाळेत मुलांचा व्हॉलीबॉल संघच नव्हता, म्हणून मुलींबरोबर आणि गावातल्या आयांच्या मंडळाबरोबर सराव केलेला. शेवटच्या वर्षी फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून उसने मित्र आणि पहिल्या वर्षातली तीन पोरं जमवून एकदाचा संघ उभा केला आणि पहिल्याच सामन्यात गाठ पडली ती कागेयामाच्या शाळेशी. सरळ दोन सेटमध्ये हरले. ती त्याची मधल्या शाळेतली सगळी कारकीर्द. मग तो वैऱ्याला हरवण्याची शपथ घेऊन कारासुनोत दाखल होतो, हॉलचं दार उघडतो आणि आत तोच कागेयामा.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या भांडणात एक चेंडू उडतो आणि उपमुख्याध्यापकांचा टोप घेऊन जातो. तो टोप कर्णधार दाइचीच्या डोक्यावर जाऊन बसतो. हसायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद. दाइची दोघांनाही हॉलबाहेर काढतो आणि एकमेकांशी जमेपर्यंत आत यायचं नाही असं सांगतो. जमतं ते असं की हिनाता डोळे मिटून उडी मारतो आणि हात फिरवतो, आणि कागेयामा चेंडू बरोबर त्या हातावर आणून ठेवतो. डोळे मिटून! माझ्यातला जबाबदार नागरिक इथे उठून उभा राहिला. पण विश्वास हा शब्द न उच्चारता तो दाखवायची यापेक्षा बरी युक्ती मला तरी माहीत नाही. आणि तो फार उदात्त होऊ नये याचीही काळजी घेतलेली आहे. पहिल्या मोठ्या सराव सामन्याला जाताना हिनाता घाबरून बसमध्ये संघातल्या तानाकाच्या पँटवर ओकतो आणि मैदानात उतरल्यावर त्याची पहिली सर्व्हिस थेट कागेयामाच्या डोक्यात मागून बसते. त्यानंतरची ती शांतता चित्रकारांनी मन लावून काढली आहे.

हा सामना ठरवून आणणारे ताकेदा सर ही माझी या मालिकेतली सगळ्यांत लाडकी व्यक्ती. ते भाषेचे शिक्षक. व्हॉलीबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण संघ त्यांच्या गळ्यात पडला, तर त्यांनी तो गळ्यातच बांधून घेतला. कारासुनोला कोणी विचारत नाही. 'पडलेला दादा संघ, न उडणारे कावळे' अशी ख्याती. तेव्हा सर मोठमोठ्या शाळांना फोन करतात, जाऊन भेटतात, वेळ पडली तर जमिनीला कपाळ टेकवतात. "लोटांगण घातलंत का सर?" असं मुलं काळजीने विचारतात, तर सर म्हणतात, लोटांगण मला छानच जमतं, पण या खेपेला लागलं नाही. आपल्याकडे पीटीचा तास गणिताला देऊन टाकणारे सर आपण पाहिलेत. खेळासाठी कपाळ टेकणारे सर पाहायला कार्टून लागलं. मुलांना धीर देताना ते एकदम काव्यमय होतात आणि मग ओशाळून 'जास्त झालं का?' अशा चेहऱ्याने बघतात. भाषेचे शिक्षक सगळीकडे सारखेच.

या सरांनी दिवसेंदिवस दुकानाचे उंबरे झिजवून ज्यांना प्रशिक्षक केलं ते उकाई, गावात घरचं किराणा दुकान चालवतात. केस पिवळे, ओठात सिगरेट. त्यांचे दोन मित्र, एकाचं मार्ट आणि एकाचं विजेच्या सामानाचं दुकान, प्रत्येक सामन्याला गॅलरीत हजर. चेंडू वर गेला की नियम समजावून सांगणारे गृहस्थ ते हेच. इतका महत्त्वाचा सामना चालू असताना दुकानात कोण बसतं, हा प्रश्न मातोश्रींनी विचारला. मालिकेत त्याला उत्तर नाही.

अभ्यासाचं काय, हा माझा प्रश्न. त्याला मात्र मालिकेत उत्तर आहे आणि ते मला फारसं सोयीचं नाही. टोकियोला सराव शिबिराला जायचं तर सगळ्या विषयांत पास व्हायला हवं, अशी अट पडते. कागेयामा आणि हिनाता एकमेकांकडे असे बघतात की जणू प्रतिस्पर्धी संघाची यादी वाचली. संघातले हुशार त्यांना शिकवतात, तरी दोघंही एकेका विषयात गटांगळी खातात. फेरपरीक्षा देतात आणि मग तानाकाची ताई त्यांना गाडीत घालून सेंदाईकडून टोकियोपर्यंतचं सुमारे साडेतीनशे किलोमीटरचं अंतर अशा वेगाने कापते की नापास झालेलं बरं. शिवाय तिसरीतली, म्हणजे आपल्या बारावीतली, दाइची, सुगावारा आणि आसाही ही मुलं उन्हाळ्यातल्या स्पर्धेनंतर अभ्यासासाठी संघ सोडायचा रिवाज असताना जानेवारीपर्यंत थांबायचं ठरवतात. बारावीला! जानेवारीपर्यंत! कन्येने माझ्याकडे सहेतुक पाहिलं. मी रिमोटकडे पाहिलं.

त्यामुळे मराठी घरात सगळ्यांत चटकन पटणारा मुलगा म्हणजे त्सुकिशिमा. उंच, चष्मा, तोंडाने फटकळ. सगळे जीव तोडून पळत असताना हा म्हणतो, शेवटी शाळेतला एक क्लब तर आहे, एवढं काय त्यात? किती रास्त बोलणं! वर्षानुवर्षं आपण जेवणाच्या ताटावर जे सांगत आलो ते तो मैदानावर सांगतो. त्यालाही कारण आहे. त्याचा मोठा भाऊ याच शाळेत होता, घरी 'मी मुख्य खेळाडू' म्हणून सांगायचा. धाकटा मित्रांना घेऊन सामना बघायला गेला, तर दादा मैदानात नव्हे, गॅलरीत उभा राहून आरोळ्या देत होता. त्यानंतर त्सुकिशिमाने मन लावणं हेच बंद करून टाकलं. मन लावलंच नाही तर तोंडघशी पडायला काही उरत नाही.

आणि मग शिराटोरिझावाविरुद्ध दुसऱ्या सेटच्या शेवटी तो उशिजिमाचा एक फटका अडवतो. एकच. पन्नासावर गुण खेळून झालेले असतात, त्यातला हा एक. सगळा संघ ओरडतो, गॅलरीतला दादा रडतो. आणि हा नेहमीचा थंड मुलगा मूठ आवळून असा ओरडतो की जणू तो आवाज त्याचा नाहीच. त्या एका ब्लॉकपर्यंत पोचायला मालिकेने जवळजवळ तीन सीझन घेतले. इथे मी काही बोललो नाही, कारण बोलता येण्यासारखा घसा नव्हता. मातोश्री म्हणाल्या, "भावाला एकदा फोन करावा म्हणते मी त्या पोराने."

तक्रारही नोंदवतो. मुली. ज्या देशात व्हॉलीबॉलचं वेड गिरणीतल्या मुलींनी लावलं, त्या देशाच्या या मालिकेत मुली बाटल्या भरतात. कियोको ही व्यवस्थापक, देखणी, हुशार, आणि तिला पाहिलं की तानाका आणि निशिनोया यांचं भान हरपतं. हा विनोद पहिल्यांदा ठीक, पण पंच्याऐंशी भागांत तो इतक्या वेळा येतो की टेकू लावावा लागतो. शाळेत मुलींचा संघ आहे, त्याची कर्णधार मिचिमिया आहे. ती मुलांच्या सामन्यांना येऊन डोळे पुसते. तिचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर. त्यांच्या चेंडूला हवेत थांबायला फारसा वेळ मिळत नाही. कन्या यावर माझ्यापेक्षा जास्त भडकलेली आहे आणि तिचं म्हणणं मी इथे सौम्य करून लिहिलंय.

पण हरणाऱ्यांचं जे काही दाखवलंय ते खरंच ताकदीचं. पहिल्या फेरीत कारासुनोची गाठ तोकोनामी नावाच्या शाळेशी पडते. तो संघ साधासुधा. सामना एकतर्फी. आपण पुढच्या मोठ्या लढतीकडे डोळे लावून बसलेले. अशा वेळी कॅमेरा थांबतो तो इकेजिरी या हरलेल्या मुलाजवळ. दाइचीचा हा जुना सोबती. फार मेहनत केली असं त्याला स्वतःलाही म्हणवत नाही. पण आपणही खेळलो, आपणही व्हॉलीबॉल खेळलो, एवढंच त्याला वाटतं. मग एकामागून एक हॉलमधली ती सगळी हरलेली पोरं दिसतात, पिशव्या भरताना, जाळीकडे वळून बघताना. त्यांची नावंही आपल्याला कळत नाहीत. स्पर्धेत जिंकतो एक संघ. उरलेले सगळे कधी ना कधी असेच पिशव्या भरतात, हे खेळाच्या कथा सहसा लपवतात. पुढे कारासुनोसुद्धा आओबा जोसाई या शाळेकडून हरते. पोरं हुंदके आवरत उभी असतात तर उकाई त्यांना खाणावळीत नेतात आणि समोर ताटं मांडतात. पळून, उड्या मारून स्नायूंचे धागे तुटतात, जेवलं की ते सांधले जातात आणि बळ येतं. तेव्हा खा. आणि ती मुलं रडत रडत भात खातात. सांत्वनाचा एकही शब्द नाही, फक्त वाढणं चालू. "बरोबर आहे," मातोश्री म्हणाल्या, "उपाशीपोटी काही सुचत नाही." त्या दिवसापासून उकाईंच्या सिगरेटीबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला नाही.

एक अडचण मात्र त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. कारासुनोचं चिन्ह कावळा. आपल्याकडे कावळ्याची आठवण पितृपंधरवड्यात आणि दहाव्याला, आणि तीही त्याने वेळेवर यावं एवढ्यासाठी. इथे अख्ख्या शाळेच्या काळ्या जर्सी, काळा झेंडा आणि झेंड्यावर 'उड' अशी आज्ञा. या कावळ्यांचं जुनं हाडवैर टोकियोच्या नेकोमा शाळेशी, त्यांचं चिन्ह मांजर. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकांची तरुणपणापासूनची खुन्नस. कावळा आणि मांजर समोरासमोर कुठे येणार? कचऱ्यापाशी. म्हणून या सामन्याचं नाव 'कचराकुंडीची लढाई', आणि हे नाव दोन्ही गावचे लोक अभिमानाने घेतात. आपल्याकडे असं नाव ठेवलं असतं तर संघाच्या आधी नगरपालिका हरकत घेऊन उभी राहिली असती.

या लढाईचा सिनेमा फेब्रुवारी 2024 मध्ये जपानात लागला आणि त्याने तिथे हजार कोटी येनपेक्षा जास्त गल्ला जमवला. लांबी 85 मिनिटं, सामना एक, सेट तीन. नेकोमाचा सेटर केन्मा हा व्हिडिओ गेम खेळणारा, घामाचा कंटाळा असणारा, 'दमायला होतं' हे ब्रीद असलेला मुलगा. मित्र कुरोने लहानपणी ओढून आणला म्हणून खेळतो. शेवटच्या गुणाला सिनेमा एकदम केन्माच्या डोळ्यांत शिरतो. त्याचा श्वास, त्याचे हात, त्याला दिसणारा चेंडू. चेंडू पडत नाही, पडत नाही, दोन्ही बाजू उचलतच राहतात. आम्ही तिघंही सोफ्याच्या कडेला येऊन बसलो. आणि मग चेंडू केन्माच्या हाती येतो आणि निसटतो. घामाने. कोणाचा हुकमी फटका नाही, कोणाची युक्ती नाही. इतकी वर्षं ताणलेलं वैर संपलं ते ओल्या बोटांमुळे. याच सामन्यात एका क्षणी केन्मा जमिनीवर आडवा होतो आणि म्हणतो काय, तर मजा आली. जाळीपलीकडून हिनाता हे ऐकतो आणि आनंदाने किंचाळतो. आपण जिंकण्यापेक्षा केन्माला मजा आली, हे त्याला मोठं.

कन्येने तोंडावर उशी धरली होती. मी चष्मा पुसत होतो. मातोश्री तेवढ्या कोरड्या होत्या आणि भयंकर चिडल्या होत्या.

"एवढा खर्च करून सिनेमा काढला, त्या पोराला हात पुसायला एक टॉवेल नाही मिळाला? ती बाटल्या भरणारी मुलगी होती ना तिथे? ती काय करत होती?"

"आजी, ती दुसऱ्या टीमची आहे. केन्माच्या टीमला मॅनेजर मुलगी नाहीये."

"मग काय झालं? हाताशी उभी होती ना?"